येतो म्हण

तीन आठवड्यांसाठी म्हणून वरची खोली दिलो मी.
अकरावा आठवडा लागला तरी
गच्चीतल्या दोरीवर त्यांचेच कपडे.

ओर्नेला, तुल्लियो, आणि सात वर्षांचा दारिओ.
तुल्लियो तिकडं इटलीत मोटारींच्या काचा बसवतो.
रजा संपली, बिनपगारी रजा संपली,
आता मालक फोन उचलत नाही म्हणे.
हाताला चैन नाही, म्हणून न विचारता
माझ्या खिडक्यांना लांबी भरत बसायचा.
माझ्या झाल्या. मग घाटग्यांच्या दोन.

एवढं आभाळ ओलांडून आले,
आणि पोरगी इथनं दीड किलोमीटरवर.
ते दीड काही संपेना.

हौसा तिचं नाव. शिशुगृहातल्या केराबाईनं
आपल्या आईचं ठेवलेलं.
दाखल्यावर झालं हंसा.
दोन मात्रा गेल्या, एक काना गेला, एक टिंब आलं,
त्या टिंबापायी महापालिकेत हेलपाटे,
टिंब सुटलं तर पुण्याचा शिक्का अडला,
शिक्का आला तर साहेब निवडणुकीच्या कामाला.

दत्तक आमच्या गावाला नवं नाही.
गाद्या चालल्यात त्याच्यावर.
पण गादीच्या पोराला हत्ती यायचा न्यायला.
हिच्यासाठी एक माणूस रोज
गंगावेशीत म्हशीखालचं दूध उभ्यानं पितो,
कट्ट्यावरचे विचारतात, 'पाव्हणं, आला का कागद?'
तो मिशी पुसत म्हणतो, 'उद्या.'
मराठीतला हाच शब्द त्याला सगळ्यात स्वच्छ येतो.

दारिओ गल्लीत दोन विटांच्या मधे गोलकीपर.
सहाव्या आठवड्यात पुढचा दात पडला त्याचा,
काडेपेटीत ठेवलाय, बहिणीला दाखवायला.
नवा अर्धा वर आला.

ओर्नेला माझ्याजवळ भाषा शिकली.
मी आलो. मी जेवलो. मी विसरलो.
पुण्यात पासपोर्टच्या खिडकीवरची बाई हसली,
'आलो नाही हो, आले.'
परत येऊन मला विचारती, खरं कुठलं?
म्हटलं, पुण्यात आले,
पंचगंगा ओलांडलीस की आलो.

रोज तीन ते पाच भेट.
पहिल्या दिवशी पाचला उठताना ती म्हणाली, 'मी जातो.'
केराबाईनं पाठीत हळूच चापट दिली,
'जातो न्हाई म्हनायचं बाई. येतो म्हन.'
तेव्हापासून चौघं एकमेकांना येतो म्हणतात,
आणि दुसऱ्या दिवशी तीनला खरंच येतात.
पोरीचा शब्दावर विश्वास बसला तो असा.

एकदा आमच्याही घरी हा विषय निघाला होता.
सासूबाई म्हणाल्या, कुणाचं रक्त कोण जाणे.
मी गप्प बसलो.
तेवीस वर्षं झाली.
रात्री वर पावलं वाजायची, इकडून तिकडं,
तवा खाली मी जागीच असायचो.

कागद आला भर दुपारी, लाईट नसताना.
झेरॉक्सचं मशीन बंद.
तुल्लियो दुकानाच्या पायरीवर फायल मांडीवर घेऊन बसला
आणि झेरॉक्सवाला त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

निघायच्या दिवशी हौसा फाटकात थांबली.
झोपाळ्याला म्हणाली, येतो.
नळाला म्हणाली.
मला म्हणाली, नवा फ्रॉक मुठीत धरून.
मग केराबाईला, पाच वाजल्यासारखं सहज,
'येतो.'

'ये,' केराबाई म्हणाली,
आणि आत जाऊन वाळलेल्या चादरी
परत पाण्यात घातली.

वरची खोली अजून कुणाला दिलो नाही मी.
काडेपेटी सापडली उशीखाली, रिकामी.
वारा असतो रात्रीचा.
खिडक्या वाजत नाहीत.